सांतान सरांची करंगळी

आमच्या घरात हळू कुणी बोलतच नसे. हळू बोललेलं कुणाला ऐकूच जायचं नाही. बेळगावच्या वडगावातल्या आमच्या गल्लीत सकाळी सातला माग सुरू व्हायचे आणि रात्रीच्या जेवणापर्यंत ती खटखट एकसारखी चालायची. पुढच्या खोलीत आमचे दोन पॉवरलूम, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडं शेजाऱ्यांचे चार. फळीवरचे डबे दिवसभर थरथरत असायचे. फुलपात्रातल्या पाण्यावर सारख्या बारीक बारीक लाटा उठायच्या आणि लहानपणी मला वाटायचं की पाणी असंच असतं. आई भाकरी थापायची, त्याला आवाज असतो हे मला आठ-नऊ वर्षांची असताना कळलं. एकदा दिवसभर वीज नव्हती, गल्ली गप्प झाली होती, आणि मी चुलीजवळ अभ्यास करत बसले होते. थप, थप, थप. मी विचारलं, "आई, काय वाजायलंय गं?" आई माझ्याकडं बघतच राहिली. मग हातातली भाकरी तशीच धरून एवढी हसली, एवढी हसली की भाकरीला मधोमध चीर गेली.

आप्पांचे कान मागानंच नेले. आधी चिमण्या गेल्या, मग सायकलची घंटी गेली, मग आमचे आवाज. आई म्हणायची, "एकेक सूत तुटल्यागत गेलं बघ." पंचेचाळिशीला येईपर्यंत त्यांना समोर उभं राहून, तोंडाकडं बघायला लावून बोलावं लागे. आणि ज्याला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही तो माणूस कसा बोलतो, हे ज्याच्या घरात असं कुणी आहे त्यालाच माहीत. देवळात, दवाखान्यात, लग्नाच्या मांडवात, आप्पा सगळीकडं मागावर बोलावं तसंच बोलायचे. मला त्याची लाज वाटायची. आता ती लाज आठवली की तिचीच लाज वाटते, पण त्या वयात वाटायची हे लपवण्यात काही अर्थ नाही.

मी शिकायला कॅम्पातल्या मिशनच्या शाळेत होते. वडगावातून शहापूरच्या बोळांमधून, रेल्वेचं फाटक ओलांडून सायकलनं जायचं. शहापुरात गल्लीगल्लीतून मागांचा आवाज सोबतीला असे. फाटकापलीकडं तो विरायचा आणि कॅम्पात शिरलं की मोठमोठी झाडं, लांब लांब बंगले आणि शांतता. त्या शांततेत माझा आवाज फार मोठा वाटायचा. वर्गात उत्तर द्यायला उभी राहिले की पुढच्या बाकावरच्या मुली कानांवर हात ठेवायच्या. शिवाय मी उंच. आठवीतच बाईंच्या डोक्यावरून मला फळा दिसत होता. मोठा आवाज आणि ताडासारखी उंची, दोन्ही कुठं ठेवावं हे मला कळत नव्हतं.

सांतान सरांना ते कळलं. ते आमचे संगीताचे सर, खानापूरकडचे, तेव्हा साठीच्या आसपासचे. तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांत वाजवायचे, एवढंच आम्हाला माहीत होतं. मुंबई सोडून ते परत का आले हे कुणी विचारलं नव्हतं. प्रार्थनेच्या हॉलमध्ये कोपऱ्यात चादर पांघरून काहीतरी उभं असायचं. लहान मुली त्याला भ्यायच्या. एक दिवस सरांनी मला थांबवलं, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "बाय, तू उंच आहेस. बरं झालं." माझ्या उंचीला बरं झालं म्हणणारा तो पहिला माणूस. त्यांनी चादर काढली. माणसापेक्षा उंच, पोटानं रुंद, तपकिरी रंगाचं, व्हायोलिनची आजी शोभावी असं ते वाद्य. डबल बास. सरांनी जाडजूड तारेवरून गज ओढला, आणि तो सूर मला कानाआधी पायाच्या तळव्यांतून कळला. आमच्या घराची जमीन कळायची ना, अगदी तसा.

तीन वर्षं दर बुधवारी शाळा सुटल्यावर मी शिकत होते. घरी वाद्य नव्हतं. मागच्या खोलीत आजोबांचा जुना हातमाग धूळ खात पडला होता. त्याच्या उभ्या खांबावर मी खडूनं सुरांच्या जागा आखल्या आणि त्यावर बोटं बसवायचा सराव करायचे. आईनं त्या वाद्याचं नाव 'थोरली' ठेवलं होतं. "जा, थोरलीचा अभ्यास कर जा," म्हणायची. आप्पा दारातून बघायचे, काही न बोलता परत मागाकडं जायचे. ते खांबाजवळ फार वेळ उभे राहिले की मला वाटायचं, रागावलेत. विचारायचं म्हणजे ओरडून विचारावं लागलं असतं, आणि अशा गोष्टी ओरडून विचारता येत नाहीत.

सर कमी बोलायचे. स्वतः वाजवून दाखवायचे आणि म्हणायचे, "बघ आणि कर." मी बघायचे आणि करायचे. डाव्या हाताची पहिली तीन बोटं तारेवर, करंगळी आत तळहाताकडं दुमडलेली. चौथ्या बोटाच्या जागेवरचा सूर हवा असला की सर अख्खा हात खाली सरकवत, आणि त्या सरकण्यात दोन सुरांच्या मध्ये एक ओढ यायची, कुणीतरी निघता निघता वळून बघावं तशी. मला ती फार आवडायची. मी ती हुबेहूब उचलली होती. शाळेच्या स्नेहसंमेलनात वाजवलं तेव्हा एक जुन्या बाई म्हणाल्या, डोळे मिटले तर सांतानच वाजवतोय असं वाटतं. मला तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मान वाटला. सर मात्र त्यावर हसले नाहीत, खिशात हात घालून खिडकीकडं बघत राहिले. वाजवत नसताना त्यांचा डावा हात नेहमी खिशातच असे.

अकरावीच्या वर्षी सरांनी एक गोष्ट मनावर घेतली. ते म्हणायचे, "आपल्या देशात हे वाजवणारे किती गो? सगळे बोलावले तरी एक पंगत भरायची नाही." तर ती पंगत निदान एकदा बसवायची. वर्षभर ते पत्रं लिहीत होते. पाकिटांवर पत्ते मीच घालायचे, माझं अक्षर बरं होतं म्हणून. एक दिवस ठरला, रविवार. सकाळी शिकवणी, दुपारी जेवण आणि पुन्हा शिकवणी, संध्याकाळी सगळ्यांचं वादन. शिकवायला मुंबईहून रोशन मॅडम येणार होत्या. त्या परदेशात शिकून आलेल्या, मोठ्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या. त्यांचं होकाराचं पत्र सरांनी मला तीनदा वाचायला लावलं. हॉलच्या खिडक्यांना त्यांनी स्वतः रंग दिला. रंगाचे ठिपके त्यांच्या चपलांवर कितीतरी दिवस होते.

कार्यक्रम संध्याकाळपर्यंत चालणार म्हणून घरचं कुणीतरी सोबत यावं अशी सरांची चिठ्ठी आली. आईला दम्याचा त्रास, तिला एवढा वेळ घराबाहेर जमत नसे. ती आप्पांच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, "तुमी जावा पोरीसंगं."

"मी जाऊन काय करू? मला काय ऐकू येतंय?" आप्पा म्हणाले. गल्लीतल्या निम्म्या लोकांनी ते ऐकलं असणार.

"ऐकू येऊ दे, न्हाय येऊ दे. सोबत तर हुईल!"

आप्पांनी त्या दिवशी दोन्ही माग बंद ठेवले. आईनं ज्वारीच्या भाकऱ्या, शेंगांची चटणी, भरलेली मिरची आणि वांग्याचं भरीत असं फडक्यात बांधून दिलं, आणि पाहुण्यांसाठी गोड म्हणून कुंद्याचा पुडा वेगळा. सायकलच्या मागच्या कॅरिअरवर मी बसले. एवढी उंच मुलगी मागं बसलेली, पाय जवळजवळ जमिनीला लागतायत, आणि पुढं आप्पा धुतलेला सदरा आणि टोपी घालून. शहापुरात कुणीतरी विचारलं, "कुठं निघालायसा?" आप्पांना ऐकू आलं नाही, पण चेहऱ्यावरून प्रश्न ओळखून त्यांनी ओरडून उत्तर दिलं, "पोरगीचा कार्यक्रम हाय!" मी मान खाली घातली. पण त्या उत्तरातला अभिमान मला ऐकू आला होता, हेही खरं.

हॉलमध्ये मी असं दृश्य पहिल्यांदा बघितलं. तोवर मी ते वाद्य एकच बघितलं होतं. तिथं भिंतीला टेकून सात उभी होती, आणि पुढं रोशन मॅडमचं आठवं. गोव्याचे दोघे भाऊ जीपच्या टपावर ताडपत्रीत गुंडाळून आणलेले दोन बास पुसत होते. वाटेत घाटात, कणकुंबीजवळ, धुक्यात जीप थांबवून त्यांना दोऱ्या पुन्हा आवळाव्या लागल्या होत्या, आणि ते तेच सगळ्यांना सांगत होते. पुण्याचे एक गृहस्थ रेल्वेच्या गार्डच्या डब्यात स्वतः वाद्याला धरून बसून आले होते. धारवाडचे एक म्हातारे, आमच्या बेळगावच्याच लष्करी बँडातले दोघं जवान, आणि शेवटी शाळेच्या बासाजवळ मी. सगळ्यांत लहान आणि एकटी मुलगी. सात जणांनी एकाच वेळी मोकळ्या तारेवर गज ओढला तेव्हा नव्या रंगाच्या खिडक्यांच्या काचा झणझणल्या. सर शेवटच्या खिडकीजवळ उभे होते. एवढा उजळलेला त्यांचा चेहरा मी त्याआधी बघितला नव्हता.

रोशन मॅडम ठेंगण्या, पांढऱ्या केसांचा बॉब, पायात कापडी बूट. मराठी त्यांच्या पद्धतीनं बोलायच्या. अर्धा तास त्यांनी नुसता गज ओढायला लावला. मग एकेकाला पुढं बोलवून हात बघायला लागल्या. धारवाडच्या आजोबांचा खांदा खाली केला, जवानांना म्हणाल्या, "इथं सावधान नको, विश्राम पायजे." सगळे हसले. त्यांच्या बोलण्यात टोचणारं काही नव्हतं, हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं जे झालं त्यात त्यांचा दोष नव्हता.

माझी पाळी आली. सरांनी बसवलेली एक संथ धून मी वाजवली. मॅडम डोळे मिटून ऐकत होत्या. धून संपल्यावर त्या जवळ आल्या, माझा डावा हात हातात घेतला आणि माझी दुमडलेली करंगळी दोन बोटांनी उचलली. "हे बोट का झोपला?" त्यांनी ते तारेवर ठेवलं. सोडल्याबरोबर ते परत तळहातात गेलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा गेलं. मागून कुणीतरी हसलं. मॅडमना खरंच कोडं पडलं होतं. "दुखते काय? नाही? मग एवढा सरकवते कशाला? बोट हाय ना तुला! असा कोणी शिकवला?"

 मी सरांकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित वेगळं बोलले असते. मी म्हणाले, "कुणी न्हाय, मॅडम. माझं मीच शिकले."

माझा आवाज. मागांच्या खटखटीवर चढून बोलायची सवय असलेला आवाज. तो शेवटच्या खिडकीपर्यंत पोचला आणि तिथून पुढं बाहेरही गेला असेल. मला वाटलं होतं मी सरांना वाचवलं. एवढ्या माणसांत, ज्या दिवसासाठी ते वर्षभर झटले त्या दिवशी, त्यांच्या शिकवण्यात खोट आहे असं कुणी म्हणू नये म्हणून. आज इतक्या वर्षांनी मी स्वतःशी थोडं अधिक खरं बोलू शकते. त्यात सरांना वाचवणं अर्धंच होतं. हसलेल्या माणसांसमोर, परदेशात शिकलेल्या बाईंसमोर मला त्या वाकड्या बोटाचं नातं कुणाशीच सांगायचं नव्हतं. मान वर केली तेव्हा शेवटच्या खिडकीजवळ कुणी नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत अंगणात टेबलं मांडली होती. शाळेशेजारच्या चर्चमधल्या बायकांनी पुलाव, कोशिंबीर आणि खोबऱ्याची वडी केली होती. मी ताट घेऊन नुसती उभी होते. आप्पा बाकावर भाकऱ्यांचं फडकं मांडीवर घेऊन बसले होते. सकाळपासून ते मागच्या रांगेत बसून होते, एक शब्द ऐकू आला नसताना नुसते चेहरे वाचत. त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं, "मंगल, तुजा सर कुठं गेला गं? तू कायतरी बोललीस आन् त्यो निघून गेला. काय बोललीस त्येला?"

 रोशन मॅडमनी ताटातून मान वर केली, आधी माझ्याकडं बघितलं, मग रिकाम्या हॉलच्या दाराकडं, आणि त्यांच्या लक्षात आलं. मी आप्पांना गप्प बसा म्हणून खुणावलं. ते उठले, भाकऱ्यांचं फडकं उचललं आणि म्हणाले, "चल. जेवायचं सोडून बसलाय माणूस."

सर चर्चच्या मागं चिंचेखालच्या कट्ट्यावर बसले होते. आप्पा त्यांच्याशेजारी बसले, फडकं सोडलं, भाकरीवर चटणी आणि भरीत घालून त्यांच्यापुढं धरली. सरांनी ती उजव्या हातानं घेतली. भाकरी एका हातानं मोडेना, म्हणून डावा हात खिशातून काढला. विणकर आधी माणसाचा हात बघतो, तोंड नंतर. आप्पांनी तो हात बघितला आणि एकदम म्हणाले, "बोट मोडलंतं काय वो सर तुमचं? करंगळी वळंना व्हय?"

 तीन वर्षं मी त्या बोटाकडं रोखून बघत होते. ते मोडलेलं आहे हे मला कधी दिसलं नव्हतं. मला ते तसंच ठेवायचं असतं असं वाटलं होतं.

 सर आप्पांच्या तोंडाकडं तोंड करून, सावकाश, ओठ दिसतील असं बोलले. इतकी वर्षं कुणाला न सांगितलेली गोष्ट त्यांना मोठ्यानं सांगावी लागली, कारण समोरच्याला ऐकू येत नव्हतं. "मुंबईत हॉटेलाच्या लिफ्टचं लोखंडी दार पडलं त्यावर. सांधा गेला. तीन बोटांवर वाजवायला शिकलो, पण जलद चालीत मागं पडायला लागलो. लोक बोलवीनासे झाले. मग आलो परत. इथं कुणाला काय कळतंय म्हणून गप्प बसलो."

आप्पांना किती कळलं कोण जाणे. पण ते हसायला लागले, आणि मला वाटलं आता जमीन दुभंगावी. "माजा बा डाव्या पायानं अधू हुता," ते म्हणाले. "खड्ड्यात बसून माग चालवायचा, दोनी पावड्या उजव्या पायानंच दाबायचा. मी त्येच्या मांडीला मांडी लावून शिकलो. चार वर्सं मीबी एकाच पायानं दाबत हुतो! माजं दोनी पाय धडधाकट! एकदा शहापूरचा एक म्हातारा विणकर आला, बघितलं आन् म्हनला, अरं, तुजा दुसरा पाय काय देवाला सोडलायस काय?" आप्पा मांडीवर थाप मारून हसले. "बा लई रडला त्या दिवशी. म्हनला, माजं अधूपण पोराला दिलं मी. मी म्हनलो, बा, कापड तर तेवढंच घट्ट हाय न्हवं!"

सरांच्या हातातली भाकरी खाली आली. ते हसत होते की रडत होते मला सांगता येणार नाही. दोन्ही असावं. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. "सर, मी खोटं बोलले."

"मला ठाऊक आहे गो."

"तुमाला कुणी नावं ठेवू नयेत म्हनून..."

"ऐक," सर म्हणाले. "तू एकदा खोटं बोललीस. मी तीन वर्षं बोललो. पहिल्याच महिन्यात तुझं बोट आत गेलेलं मी बघितलं. सांगायला हवं होतं. सांगायचं तर माझं दाखवायला लागलं असतं."  त्यांनी चिंचेचा थोडा पाला उचलून बोटांत चुरगाळला. "आणि दुसरंही होतं. माझा हात दुसऱ्या कुणाच्या तरी हातात चालताना बघितला, आणि मला बरं वाटलं. एवढं बरं मला मुंबई सोडल्यापासून वाटलं नव्हतं. त्यात तुझं नुकसान होत होतं, तरी."

मी आज स्वतः हेच वाद्य शिकवते. पस्तीस वर्षं शिकवते आहे. मुलं माझं काय काय उचलतात हे रोज बघते. एक मुलगी अवघड जागा आली की माझ्यासारखाच खालचा ओठ दातात धरते. तिला सांगायला हवं, असं दर वेळी ठरवते, आणि दर वेळी तो ओठ बघत दोन क्षण जास्त थांबते. तेव्हा सर मला समजतात. त्या दुपारी समजले नव्हते. त्या दुपारी मला नुसता त्यांचा गुडघा धरून बसावंसं वाटलं, आणि मी तशी बसले. आप्पा दोघांना आळीपाळीनं भाकरी मोडून देत राहिले.

पुन्हा शिकवणी सुरू व्हायच्या आधी सर स्वतः रोशन मॅडमकडं गेले आणि डावा हात त्यांच्यासमोर धरला. "तिचं बोट झोपलं ते माझ्या या बोटामुळं," म्हणाले. मॅडमनी ते बोट दोन्ही हातांत घेतलं आणि सांधा चाचपला. मग म्हणाल्या, "सॉरी, सांतान. सगळ्यांसमोर विचारायला नको होता मी." सरांनी मान हलवली. "नाही. विचारायला हवं होतं. मीच बोलावलं होतं ना तुम्हाला." मग मॅडमनी मला पुढं घेतलं आणि वीस-पंचवीस मिनिटं फक्त ती करंगळी उघडायला लावली. भयंकर दुखलं. बोट जणू दुसऱ्या कुणाचं होतं. एकदा सूर चौथ्या बोटानं सरळ, स्वच्छ लागला, मध्ये सरकणं नाही, ओढ नाही. मला तो परका वाटला. मॅडमना ते चेहऱ्यावर दिसलं असावं. त्या म्हणाल्या, "आता तुझ्याकडे दोन रस्ते हाय. सरळ जा, नाय तर सांतानसारखा सरकून जा. पण कुठला घ्यायचा ते तू ठरव. बोटानं नाय ठरवायचा."

संध्याकाळी हॉल भरला. कॅम्पातली माणसं, शाळेच्या मुली, जवानांचे मित्र. माझं नाव पुकारलं तेव्हा मी बासापाशी उभी राहिले, पण गज उचलला नाही. "मला सांतान सरांनी शिकवलंय," मी म्हणाले. "शेवटच्या खिडकीपाशी बसलेत ते. सकाळी मी खोटं बोलले." माझा आवाज जेवढा मोठा होता तेवढा मी होऊ दिला. पुढच्या रांगेतल्या मुलींनी कानांवर हात ठेवले नाहीत. सगळ्यांनी वळून बघितलं. सर उठून उभे राहिले, गडबडले, परत बसले. मग मी तीच धून वाजवली. एका जागी करंगळी उघडायचा प्रयत्न केला आणि सूर सरळसरळ चुकला, सगळ्यांना कळेल एवढा. बाकी सगळं सरांसारखंच वाजवलं. चांगलं झालं की नाही मला माहीत नाही. टाळ्या वाजल्या, पण त्या सगळ्यांनाच वाजल्या होत्या. शेवटी आम्ही सात आणि मॅडम आठव्या, असं सगळ्यांनी मिळून वाजवलं.

घरी आल्यावर आईनं आप्पांना समोर उभं राहून विचारलं, "कसं वाजवलं पोरीनं?"

आप्पा टोपी खुंटीला लावत म्हणाले, "सगळ्यांनी एकदम वाजवलं तवा ऐकू आलं मला. बाकाच्या बुडातनं येत हुतं, लई ग्वाड. हिचं एकटीचं न्हाय आलं." मग माझ्याकडं वळून, जणू मला बरं वाटावं म्हणून, म्हणाले, "पर हात बघत हुतो मी. हात चांगला चालतोय."

पुढच्या बुधवारी मी हॉलवर गेले तर सर आधीच येऊन बसले होते. दर वेळी ते बासापाशी उभे असत आणि मी समोर स्टुलावर. त्या दिवशी स्टुलावर ते बसले होते आणि बासाजवळची जागा मोकळी ठेवली होती. मला वाटलं तब्येत बरी नाही. मी विचारलं तर म्हणाले, "रोशननं तुला काय काय दाखवलं, ते मला दाखव. मी तिथं लाजून मागं उभा होतो, नीट बघितलं नाही."

"मी तुमाला दाखवू?"

"मग कोण दाखवणार? उभी राहा, बाय."

मी उभी राहिले. अंगठा दांडीमागं कुठं ठेवायचा ते सांगितलं, मनगट कसं सैल सोडायचं ते सांगितलं. सर शाळेतल्या मुलासारखं ऐकत होते, मध्येच थांबवून पुन्हा करायला लावत होते. मग ते उठून माझ्या शेजारी आले आणि डावा हात तारेवर ठेवला. मी त्यांची करंगळी धरली. किती हलकी होती ती, आणि किती थंड. सांध्यापाशी एक कठीण गाठ होती. मी ती हळूहळू, मॅडमनी माझी धरली होती तशी, तारेकडं नेली. ती अर्ध्या वाटेवर अडकली. मी सोडली नाही. सरांच्या कपाळावर घाम आला होता, तरी ते थांब म्हणाले नाहीत. तारेला ती टेकली नाहीच.

सरांनी दुसऱ्या हातानं माझा हात अलगद बाजूला केला. "माझी नाही उघडणार गो आता," ते म्हणाले. "तुझी उघड. मी बघत बसतो."